स्पंदन : अर्थ आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात मराठी शिकवत असताना, आणि पुढे स्मरणिका-दिवाळी अंकांची मुद्रिते तपासू लागल्यापासून, 'स्पंदन' या एका शब्दावर मला सतत विचारणा होते. विद्यार्थी विचारतात, भजनी मंडळांचे निवेदक विचारतात, आरोग्यविषयक पत्रके लिहिणाऱ्या परिचारिका विचारतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात सांगितलेले दुसऱ्यात परत सांगितलेले नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्पंदन म्हणजे नेमके काय?

ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होणारी बारीकशी हालचाल. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवा. बोटांखाली जे हलकेच उचलले जाते, बसते, परत उचलले जाते, ते स्पंदन. तान्ह्या बाळाची टाळू उडताना पाहिली असेल, तर शब्दाचा अर्थ डोळ्यांनीच पाहिलात म्हणा.

यातला 'बारीकशी' हा भाग लोक विसरतात आणि निम्मे चुकीचे वापर तिथूनच सुरू होतात. मोठा दणका, धक्का, हादरा म्हणजे स्पंदन नव्हे. आणि एकदाच हलून थांबले तर तेही नव्हे. आणखी एक छटा मला महत्त्वाची वाटते : मराठीत आपण स्पंदन म्हणतो ते बहुधा आतून येणाऱ्या हालचालीला. वाऱ्याने पान हलते, त्याला कुणी पानाचे स्पंदन म्हणत नाही.

२. हा शब्द आला कुठून?

संस्कृतातून, जसाच्या तसा. मूळ धातू 'स्पन्द्'. पाणिनीच्या परंपरेतल्या धातुपाठात त्याचा अर्थ दोनच शब्दांत दिला आहे : 'किञ्चिच्चलने', म्हणजे किंचित हलणे. वर ज्या बारीकपणाचा आग्रह धरला तो या 'किञ्चित्'मधूनच आला आहे, माझ्या पदरचा नाही.

या धातूपासून 'स्पंद' आणि 'स्पंदन' अशी दोन नामे होतात. व्यवहारात दोन्ही एकाच अर्थाने चालतात, पण विज्ञान लिहिताना फरक करणे सोयीचे असते : एक सुटा झटका तो स्पंद, आणि चालू राहणारी क्रिया ते स्पंदन.

३. 'माझा स्पंदन' की 'माझे स्पंदन'? अनेकवचन काय करायचे?

मराठीत नपुंसकलिंगी. ते स्पंदन, ती स्पंदने. बोलण्यात 'स्पंदनं'. हिंदीत हा शब्द पुल्लिंगी आहे आणि दूरचित्रवाणीवरच्या हिंदीमुळे 'हृदयाचा स्पंदन' असे लिहिलेले हल्ली दिसते. ते दुरुस्त करावे.

आपल्याकडे गोव्यात आणखी एक गोष्ट होते. घरात कोंकणी, शाळेत मराठी. पुस्तकाचे कोंकणीत 'पुस्तकां' होते, त्याच वळणाने मुले 'स्पंदनां' लिहून जातात. कोंकणीत ते बरोबरच आहे. मराठी मजकुरात 'स्पंदने' हवे. अशा वेळी मी मुलांच्या वहीत लाल फुली मारत नसे. शेजारी दोन्ही रूपे लिहून देत असे, कारण मूल चुकलेले नसते, ते दोन व्याकरणे सांभाळत असते.

मुलाचे नाव स्पंदन असेल तर अर्थातच 'तो स्पंदन'. विशेषनामाला त्या व्यक्तीचे लिंग.

४. स्पंदन लिहायचे की स्पन्दन?

दोन्ही चालते. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत पहिलाच नियम अनुस्वाराचा आहे. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकासाठी डोक्यावर बिंदू द्यावा, आणि तत्सम शब्दांत हवे तर परसवर्ण, म्हणजे पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक, जोडून लिहावे. 'द' हा त-वर्गातला, म्हणून 'न्'. १९६२ साली सुरू झालेल्या आपल्या दैनिकाचे नाव 'गोमन्तक' असे छापले जाते आणि आपण इतरत्र 'गोमंतक' लिहितो, तसेच हे.

मात्र एका लेखात एकच पद्धत ठेवा. 'स्पदंन' ही चूक टंकलेखनात फार होते, तेवढी तपासा. बिंदू 'स्प'वर हवा. 'स्पंधन' असा शब्द नाही.

५. ठोका, धडधड, धपापणे आणि स्पंदन : कुठे काय वापरू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मला सर्वांत आवडतोही, कारण इथे मराठीची श्रीमंती दिसते.

मोजायचे असेल तर ठोका. 'मिनिटाला ७२ ठोके'. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. ७२ धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर जातात. अशा वाक्यात '७२ स्पंदने' व्याकरणाने चूक नाही, पण दवाखान्यात कुणी तसे बोलत नाही. पाठ्यपुस्तकातल्या आलेखाखाली 'हृदयस्पंदनाचा दर' ठीक दिसते, आजीला सांगताना 'ठोके'च.

घाबरल्यावर किंवा जिना चढल्यावर स्वतःला ऐकू येते ती धडधड. तिच्यात आवाज आहे, अस्वस्थपणा आहे. छाती वरखाली होते तेव्हा ऊर धपापतो. तो श्वास आहे, नाडी नव्हे. अचानक धास्ती वाटली तर काळजाचा ठोका चुकतो. इथे कधीही 'काळजाचे स्पंदन चुकले' म्हणू नये, वाक्प्रचार मोडतो. गोव्यात तर काळीज म्हणजे थेट हृदयच, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्या कानांना अधिकच अस्सल लागतो.

मग स्पंदनासाठी जागा कुठे उरते? जिथे हालचाल शांत आहे, तिच्याकडे लक्ष दिल्याशिवाय ती कळत नाही, आणि ती चालू असण्यालाच अर्थ आहे तिथे. झोपलेल्या आजाऱ्याच्या गळ्याजवळ बोट ठेवून 'स्पंदन लागते आहे' असे आपण म्हणतो. त्या वाक्यात 'धडधड' घालून पाहा, सगळा धीर नाहीसा होतो.

६. दाढ दुखते तेव्हा तिथे स्पंदन होते असे म्हणावे का?

नको. दाढ ठणकते. गळू ठुसठुसते. पू धरलेल्या बोटाला ठणका लागतो. सुजलेल्या जागी कळ थांबून थांबून, तालात आल्यासारखी येते, म्हणून ती नाडीच्या स्पंदनाशी जोडलेली वाटते हे खरे. पण एका आरोग्यपत्रकात मी 'स्पंदनात्मक वेदना' वाचले आणि वाईट वाटले. डिचोलीच्या एखाद्या आजींनी ते वाचले, तर आपल्याला होते आहे ते हेच, हे त्यांना कळणारच नाही. 'ठणका' म्हटले की लगेच कळेल. दुखणे सांगायचा शब्द रोग्याच्या तोंडचा असावा.

७. स्पंदन आणि कंपन यांत फरक काय? फेरीबोट थरथरते ते काय?

ते कंपन. पणजीहून बेतीला जाताना फेरीच्या लोखंडी कठड्यावर हात ठेवला की तळहाताला मुंग्या आल्यासारखे होते. इंजिन इतक्या वेगाने हादरे देत असते की ते एकेकटे वेगळे जाणवत नाहीत. सोपी कसोटी अशी : एक, दोन, तीन असे बोटांवर मोजता आले तर स्पंदन, एकमेकांत मिसळून गेले तर कंपन. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा हलतो, त्याला स्पंदन म्हणणे कानाला खटकते. घड्याळ मात्र टिकटिकते. त्याला आपला स्वतंत्र शब्द आहे.

झोपाळ्याचे, लंबकाचे ते दोलन किंवा आंदोलन. तिथे मोजता येते, पण हालचाल किंचित नसते, झोका लांब जातो.

ही कसोटी शंभर टक्के पुरत नाही. भूकंपाचे हादरे मोजता येतात, म्हणून ते स्पंदन होत नाहीत. तिथे प्रश्न १ मधला 'बारीकशी' आठवावा.

८. चवथीच्या आरतीत घुमट वाजते. निवेदनात 'घुमटाची स्पंदने' म्हटले तर चालेल का?

नुसत्या वाजण्याला म्हणू नका. घुमट घुमते. वाद्याच्या नावातच क्रियापद ऐकू येत असताना उसना शब्द कशाला?

पण या प्रश्नात थोडे खोल जायला हवे. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवलेले, लहान तोंड उघडे. उजव्या हाताची बोटे चामड्यावर पडतात आणि डावा तळवा लहान तोंड झाकतो, उघडतो. पूर्वी घोरपडीचे चामडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे गुन्हा ठरले आणि आता बकरीचे चामडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. यात चामडे हलते ते कंपन (प्रश्न ७), भांड्यातली हवा घुमते तो नाद, आणि वादकाच्या मनात जो न चुकणारा, न वाजणारा ठोका चालू असतो, ज्याच्या आधाराने साथीचे शामेळ (चर्मवाद्य) आणि कासाळे (झांज) एकत्र येतात, ते स्पंदन. ऐकू येते त्याच्या खाली ते असते.

संगीतात त्याला रुळलेले शब्द आहेत : सम अंतर राखणारी गती ती लय, तिचे मोजमाप मात्रा, मात्रांची बांधणी तो ताल, आणि तबल्यावर किंवा घुमटावर तो ज्या बोलांनी उभा राहतो तो ठेका. म्हणून 'झपतालाची दहा स्पंदने' असे कधीही लिहू नये, दहा मात्रा. पण 'लयीचे स्पंदन अंगात भिनले होते' हे वाक्य मला पूर्ण मान्य आहे. लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे गोव्याचे खाप्रुमाम पर्वतकर हाता-पायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत. ताल कितीही वेगळे असले तरी त्यांना बांधून ठेवणारे आतले एकच काहीतरी असल्याशिवाय हे शक्य नाही. त्या 'काहीतरी'साठी हा शब्द राखून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

९. 'स्पंदणे' असे क्रियापद मराठीत आहे का?

कवितेत आहे. 'काहीतरी आत स्पंदते' असे कवी लिहू शकतो. गद्यात 'स्पंदन होते', 'स्पंदन जाणवते', 'स्पंदन चालू आहे' असे लिहावे. 'स्पंदन करते' नको. हृदय ते करत नाही, त्याचे होते.

विशेषणे : स्पंदित (ज्यात स्पंद उमटला आहे असे), स्पंदनशील (ज्याला स्पंदण्याचा स्वभाव आहे असे), निःस्पंद (जराही न हलणारे). 'निःस्पंद तळे' हे सुंदर विशेषण आहे. वारा पडलेल्या दुपारी मये तलावाकडे पाहा.

१०. स्पंदन आणि स्फुरण एकच का?

जवळचे आहेत. स्फुरणात फडफडून एकदम उसळणे आहे, नियमित अंतराची अट नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमात शिरताना दुष्यंताचा बाहू 'स्फुरतो' आणि तो त्याला शकुन वाटतो. डोळ्याची पापणी उडते किंवा डोळा लवतो त्याला आयुर्वेदाच्या संस्कृत ग्रंथांत स्पंदन म्हटलेले सापडेल, पण मराठीत 'डोळा लवतो' याहून चांगले काही नाही. आणि कल्पना सुचते, ती स्फुरते. स्पंदत नाही.

११. बाई, गीतेच्या पहिल्या अध्यायात 'महति स्पन्दने स्थितौ' आहे ना? तिथे अर्थ कसा लावायचा?

तिथे 'स्यन्दने' आहे. 'प' नव्हे, 'य'. 'ततः श्वेतैर्हयैर्युक्ते महति स्यन्दने स्थितौ' : पांढरे घोडे जोडलेल्या मोठ्या रथात बसलेले कृष्ण आणि अर्जुन. स्यंदन म्हणजे रथ. त्याचा धातू 'स्यन्द्', अर्थ वाहणे, पाझरणे, धावणे. स्पन्द्शी त्याचा संबंध नाही.

देवनागरीत 'स्य' आणि 'स्प' इतके सारखे दिसतात की जुन्या, पुसट छपाईत भले भले फसतात. गीतापठनाच्या स्पर्धेत चांगल्या स्वरात म्हणणारी मुलेसुद्धा इथे अडखळलेली मी ऐकली आहेत. पालकांनी हे एक अक्षर आधीच दाखवून द्यावे. याच स्यन्द्चा 'अभिष्यंद', म्हणजे डोळे येणे, हा वैद्यकातला शब्द. डोळ्यांतून पाणी वाहते म्हणून. तोही 'अभिस्पंद' असा छापलेला पाहिला आहे.

१२. 'या देवळात चांगली स्पंदने आहेत' हे बरोबर आहे का?

हा अर्थ गेल्या काही दशकांत खूप पसरला आहे आणि तो भाषेतून काढता येणार नाही. म्हणणाऱ्याला जे जाणवते ते खोटे आहे असेही मी म्हणणार नाही. मंगेशीला पहाटे, गर्दी नसताना, मलाही बरे वाटते. पण त्या बरे वाटण्याला मराठीत 'प्रसन्न वाटते', 'मन निवते' असे स्वच्छ शब्द आहेत. स्पंदने म्हटले की ती जागेतून निघणारी आणि यंत्राने मोजता येणारी वस्तू असल्याचा भास होतो.

शब्दाला खरोखर तत्त्वज्ञानाचे वजन आहे, पण ते दुसरीकडे. काश्मीरच्या शैव परंपरेत, नवव्या शतकाच्या सुमारास, 'स्पंदकारिका' हा ग्रंथ झाला. कोणी तो वसुगुप्ताचा मानतात, कोणी त्याचा शिष्य भट्ट कल्लट याचा. तिथे स्पंद म्हणजे चैतन्याची आतली सूक्ष्म चळवळ. शिव अचल आहे, तरी त्याच्यात किंचित हलणे आहे, आणि त्याच्या डोळ्यांच्या उघडझापीत जगाचा उदय आणि लय होतो, असा पहिल्याच कारिकेचा आशय. तिथेही 'किंचित' आहेच. ही कल्पना माहीत झाल्यावर 'पॉझिटिव्ह स्पंदने' म्हणताना जीभ थोडी थांबते.

१३. गर्भाचे स्पंदन की गर्भाचे ठोके?

तपासणीत डॉक्टर दाखवतात ते ठोके, आईला पोटात जाणवते ती हालचाल. 'गर्भस्पंदन' दोन्हींसाठी वापरतात, म्हणून पत्रकात किंवा लेखात कोणते ते स्पष्ट करा, नाहीतर वाचणारी घाबरते. चरकसंहितेत तिसऱ्या महिन्याच्या वर्णनात गर्भ 'स्पन्दते' असे म्हटले आहे, आणि लगेच तो काही मागू लागतो असेही. एका देहात दोन हृदये झाली, म्हणून आईच्या इच्छांकडे लक्ष द्यावे, अशी ती मांडणी आहे. आपल्या डोहाळ्यांमागे हीच कल्पना उभी आहे. डोहाळजेवणाच्या भाषणात सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट मला ठाऊक नाही.

१४. पल्सारला 'स्पंदक' म्हणतात. तो तारा खरेच स्पंद पावतो का?

नाही, आणि नावाने फसण्याचे हे चांगले उदाहरण आहे. १९६७ साली केंब्रिजला जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३४ सेकंदांनी येणारे रेडिओ संकेत सापडले. ते येतात ते तारा आकुंचन-प्रसरण पावतो म्हणून नव्हे. तो स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. दीपगृहाचा दिवा फिरतो आणि समुद्रावरच्या खलाशाला तो लुकलुकल्यासारखा दिसतो, तसेच. म्हणजे स्पंद संकेतात आहे, ताऱ्यात नाही. आपल्या शेजारी, नारायणगावाजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे, तिथे या ताऱ्यांचा अभ्यास चालतो.

खरोखर फुगणारे-आकसणारे तारेही आहेत, सेफीड प्रकारचे. त्यांना 'स्पंदनशील तारे' म्हणावे. तिथे शब्द अगदी चपखल बसतो.

१५. भरती-ओहोटी, काजव्यांचे लुकलुकणे, नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी : यांना स्पंदन म्हणता येईल?

भरती-ओहोटी साधारण १२ तास २५ मिनिटांनी परत येते. नियमितपणा आहे, पण काळ इतका लांब की अंगाला लय कळत नाही. कवितेत 'समुद्राचे स्पंदन' म्हणा, माहितीपर लेखात नको. काजव्यांचे झाड पावसाच्या तोंडावर एकदम उजळते आणि विझते तेव्हा मात्र मला हा शब्द वापरावासा वाटतो, कारण तिथे प्रकाश श्वास घेतल्यासारखा दिसतो. एकटा काजवा लुकलुकतो. नेत्रावळीच्या तळीत बुडबुडे येत राहतात, पण त्यांना ठेका नाही. तिथे 'बुडबुडे येतात' एवढेच लिहिणे खरे आहे.

१६. आमच्या शाळेच्या वार्षिकाचे नाव 'स्पंदन' ठेवू का?

ठेवा, नाव वाईट नाही. पण त्या नावाचे अंक फार आहेत, आणि 'विद्यार्थ्यांच्या मनाची स्पंदने टिपणारा अंक' हे वाक्य संपादकीयात हमखास येते. ते टाळा. स्पंदने टिपायची तर काही लहान, रोजचे, सहज न दिसणारे अंकात हवे : वाड्यावरून पायी येणाऱ्या मुलीने वाटेत काय पाहिले, पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा किती वाजता ऐकू येतो. असा मजकूर आत असेल तर नाव शोभेल.

१७. पेसमेकर बसवलेल्या माणसाच्या बाबतीत काय म्हणायचे?

यंत्र पाठवते ते विजेचे स्पंद, हृदयाचे पडतात ते ठोके, मनगटावर लागते ती नाडी. मूळ हृदयातही हीच विभागणी असते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातल्या एका लहानशा गाठीतून विजेचा संकेत निघतो आणि स्नायू आकसतो. ती गाठ मंदावली की यंत्र तिचे काम करते. म्हणून माहितीपत्रकात 'कृत्रिम स्पंदन' असे लिहू नका. ठोका त्या माणसाच्या स्वतःच्याच हृदयाचा असतो.